भेगाळलेलं स्टेअरिंग: बुजवायचं की बदलायचं?

आमच्या फियाटच्या स्टेअरिंगवर सात भेगा होत्या. वडिलांनी त्यांच्यावर काळ्या रेक्झिनचं कव्हर शिवून घेतलं होतं आणि त्या कव्हरखाली काय चाललंय हे वीसेक वर्षं कुणी पाहिलं नाही. मी ते उसवलं तेव्हा दोऱ्याबरोबर चाकाचा एक तुकडाच हातात आला, करंगळीच्या पेराएवढा, मळकट हस्तिदंती रंगाचा. तो निघाला तिथे आत तांबूस गंजलेली सळई दिसत होती.

गाडी १९६५ ची, फियाट इलेव्हन हंड्रेड डिलाइट. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. हीच गाडी पुढे १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली गेली. मुंबईची काळी-पिवळी म्हणून तिने दोन-तीन पिढ्या वाहून नेल्या, आणि वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे शेवटच्या पद्मिनी टॅक्सीने २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्ता सोडला. घरोघरी जपून ठेवलेल्या फियाट मात्र अजून बऱ्याच आहेत, आणि त्यांच्या मालकांची एक तक्रार ठरलेली असते: स्टेअरिंग फुटलंय.

गॅरेजमध्ये यावर दोन उत्तरं मिळतात. एक, ‘काही नाही साहेब, भरून टाकू.’ दुसरं, ‘जुन्या बाजारातनं दुसरं आणा.’ दोन्ही कधी बरोबर असतात, कधी साफ चूक. कुठलं कधी, ते ठरवायला भेगांची संख्या मोजून उपयोग नाही. भेग का पडली आणि आतलं लोखंड कसं आहे, हे दोन प्रश्न सुटले की बाकीचं काम म्हणजे नुसती चिकाटी.

धाव आणि स्टेअरिंग

बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना पाहिलंय कधी? लोहार धाव लालभडक तापवतो. तापली की ती फुगते, मोठी होते. मग ती लाकडी चाकावर बसवून वरून पाणी ओततात. चर्र आवाज, वाफ, आणि धाव आखडून चाकाला अशी आवळते की खिळ्याची गरज पडत नाही.

जुन्या स्टेअरिंगमध्ये हेच घडतं, फक्त सगळं उलट्या जागी. इथे लोखंड आत असतं: गोल कड्याची सळई, तिला जोडलेले आरे आणि मधला तुंबा. या सांगाड्याभोवती कारखान्यात साच्यात घालून कडक रबर किंवा प्लॅस्टिक ओतलेलं असतं. म्हणजे आवळणारी वस्तू बाहेरची, आणि ती आहे प्लॅस्टिकची. लोखंडी धाव आवळण्याचा ताण जन्मभर सोसते. प्लॅस्टिक काही वर्षं सोसतं, मग फाटतं.

ते आवळतं कशाने? एक कारण तापमान. पोलाद तापलं-थंडावलं की फार थोडं वाढतं-आखडतं. त्या काळी स्टेअरिंगला वापरलं जाणारं सेल्युलोजचं प्लॅस्टिक त्याच्या साधारण दहापट हलतं, कडक रबर पाच-सहापट. ४० सेंटीमीटर व्यासाचं चाक धरा. त्याचा घेर झाला सव्वाशे सेंटीमीटर. पारा ३० अंशांनी उतरला, तर आतली सळई अर्धा मिलिमीटरसुद्धा आखडत नाही. वरच्या प्लॅस्टिकला मात्र चार मिलिमीटरहून जास्त आखडायचं असतं. जागा मिळत नाही म्हणून ते ताणलं जातं. उन्हात काचा बंद करून उभ्या केलेल्या गाडीत स्टेअरिंग सहज ६०-७० अंशांवर जातं आणि पुण्यात डिसेंबरच्या पहाटे १० वर येतं. ही ओढाताण साठ वर्षं चालू आहे.

दुसरं कारण हळू आणि कायमचं. प्लॅस्टिक लवचीक राहावं म्हणून त्यात काही द्रव्यं मिसळलेली असतात. ती वर्षानुवर्षं उडून जातात. ऊन लागलं की आणखी लवकर. द्रव्य गेलं की प्लॅस्टिक आक्रसतं आणि ठिसूळही होतं. पापड वाळताना कडेने वळतो ना, त्यातला प्रकार. फरक एवढाच की हा पापड लोखंडाला चिकटलेला असल्यामुळे वळू शकत नाही, तडकतो.

आता आपल्या चाकाकडे नीट पाहा. भेगा बहुतेक आऱ्याच्या जवळ असतील, जिथे आरा कड्याला भेटतो तिथे. दोन आऱ्यांच्या मधल्या भागात प्लॅस्टिकला सळईवरून किंचित सरकायला वाव असतो. आऱ्यापाशी ते चहूबाजूंनी जखडलेलं असतं. ओढ दोन्हीकडून येते आणि फाटतं गाठीपाशी.

वास घ्या, थिनर दूर ठेवा

काम सुरू करायच्या आधी चाक कशाचं आहे याचा अंदाज हवा. यासाठी नाक कामाला येतं. वडिलांच्या पेटीतला पारदर्शक पिवळ्या मुठीचा जुना स्क्रू-ड्रायव्हर काढा. पेटी बरीच वर्षं बंद असेल तर खवट तुपासारखा वास येईल, काहींना तो त्याहून वाईट वाटतो. ती मूठ सेल्युलोज अ‍ॅसिटेट ब्युटिरेट या प्लॅस्टिकची असते. ते झिजताना ब्युटिरिक आम्ल सोडतं, आणि खवट लोण्याला वास येतो तो त्याच आम्लाचा. १९४०-५० च्या दशकांत अनेक गाड्यांची स्टेअरिंग याच जातीच्या प्लॅस्टिकची होती. त्याचा सख्खा भाऊ सेल्युलोज अ‍ॅसिटेट. तो म्हातारा झाला की व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. जुन्या सिनेमांची रिळं ज्या रोगाने गेली, तोच हा रोग.

त्याआधीच्या गाड्यांत कडक रबर, म्हणजे एबोनाइट, असायचं. ते भरपूर गंधक घालून घट्ट केलेलं असतं, मुळात काळं असतं आणि उन्हाने तपकिरी-हिरवट पडतं. घासताना गंधकाचा वास येतो. १९७० नंतरच्या पुष्कळ गाड्यांत मऊ फोमचं चाक आलं. त्याची गोष्ट वेगळी, ती शेवटी.

हे सगळं एवढ्यासाठी सांगतोय की पहिली चूक मी इथेच केली. चाकावर साठ वर्षांचा घाम आणि तेल बसलेलं. गॅरेजमध्ये हाताशी थिनर असतोच, बोळा भिजवला आणि पुसलं. मळ गेला, पण खालचा पृष्ठभाग गुळाच्या पाकासारखा चिकट झाला आणि बोळ्याचे धागे त्यात रुतून बसले. थिनरमध्ये अ‍ॅसिटोनच्या जातीची जी द्रावणं असतात, ती या प्लॅस्टिकला विरघळवतात. साधा भांड्यांचा साबण, कोमट पाणी आणि जुना दातांचा ब्रश पुरे. मग वाटलंच तर औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने एक हात. तेही आधी मागच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी लावून बघा.

चाक काढताना

आधी बॅटरीची वायर काढा. हॉर्नची तार स्टेअरिंगच्या दांड्यातून वर आलेली असते आणि ती जिवंत असते. पुढची चाकं सरळ करून ठेवा. मधलं हॉर्नचं बटण काही गाड्यांत दाबून फिरवलं की निघतं, काहींत हलकेच उचकटावं लागतं. त्याखाली स्प्रिंग, एखादा वायसर आणि मग मोठा नट. कुठली वस्तू कशावर होती याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. सगळं पुन्हा बसवायची वेळ दोन महिन्यांनी येते आणि तोवर डोक्यातलं पुसून गेलेलं असतं.

नट काढण्याआधी पंचाने, म्हणजे खूण उमटवायच्या टोकदार हत्याराने, दोन ठिपके मारा: एक दांड्याच्या टोकावर, एक बरोबर त्यासमोर तुंब्यावर. दांड्यावर बारीक दाते असतात आणि चाक त्यांत घट्ट बसलेलं असतं. परत बसवताना एक दाता जरी चुकला, तरी गाडी सरळ आणि स्टेअरिंग वाकडं.

नट गोटी-पान्याने सैल करा, पण पूर्ण काढू नका. दोन-तीन आट्यांवर राहू द्या. मग पुलर, म्हणजे चाक ओढून काढायचं हत्यार, लावा. चाक सुटतं ते एकदम, ‘फट’ करून, आणि नट तिथे नसेल तर ते थेट तुमच्या हनुवटीवर येतं. मागून हातोडीने ठोकून काढायचा मोह आवरा. ठोका दांड्यातून खाली स्टेअरिंग बॉक्सच्या बेअरिंगांवर जातो. फियाटसारख्या जुन्या गाडीचा दांडा अखंड असतो. अमेरिकेत १९६७ च्या सुमारास धक्का बसला की दुमडणारे दांडे आले, ते तर ठोक्याने आतल्या आत मोडू शकतात. आणि चाकात एअरबॅग असेल, तर हा लेख इथेच बंद करा. ते काम कंपनीच्या माणसाचं.

लोखंड बघा

चाक टेबलावर आलं की निर्णयाची वेळ. मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या गॅलऱ्यांचं प्लास्टर का पडतं, हे मुंबईकराला सांगावं लागत नाही. आतली सळई गंजते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा लागते, आणि तो वरच्या काँक्रीटला आतून ढकलतो. स्टेअरिंगमध्ये भेगेतून हाताचा घाम आत जातो, कोकणात-मुंबईत हवेतली ओल जाते, आणि तेच सुरू होतं. वरून कव्हर शिवलेलं असेल तर ओल बाहेर पडायला वाटच नाही. ट्रकवाले आणि टॅक्सीवाले चाकाला प्लॅस्टिकची दोरी किंवा रेक्झिन गुंडाळतात. पकडायला छान, पण भेगाळलेल्या चाकावर ते म्हणजे जखमेवर न सोडलेली पट्टी.

म्हणून प्रत्येक भेगेत वाकून, टॉर्च मारून बघा. सळईवर तांबूस साय असेल, तारेच्या ब्रशने घासल्यावर खाली करडं, घट्ट लोखंड लागत असेल, तर चाक वाचलं. सळई खपल्या-खपल्यांनी निघत असेल, बारीक झाली असेल, तर नाही. मग दुसरी परीक्षा. दोन्ही हातांनी कडं धरून पुढे-मागे पिळा. आऱ्याच्या सांध्यात ‘कट’ असा आवाज आला किंवा कडं हललं, तर जोड सुटलाय. असलं चाक गाडीवर परत चढवायचं नाही. ‘वेल्डिंग मारून देतो’ म्हणणारे भेटतील. मी तरी चालत्या गाडीत हातात धरायच्या वस्तूवर, आत न दिसणाऱ्या वेल्डिंगचा भरवसा धरणार नाही.

सात मोठ्या भेगा आणि ठणठणीत लोखंड असलेलं चाक दुरुस्त होतं. एकच भेग आणि तिच्यामागे कुजलेला सांधा असेल तर होत नाही. आमचं पहिल्या गटातलं निघालं. निघालेल्या तुकड्याखालचा गंज वरवरचा होता.

भेग आधी मोठी करायची

आता जे करायचं ते मनाला पटत नाही: भेग रुंद करायची. कानशीने किंवा हॅकसॉच्या पात्याने तिला इंग्रजी व्ही अक्षरासारखा आकार द्यायचा, वर साधारण बोटाच्या नखाएवढी रुंद, खाली थेट लोखंडापर्यंत. बारीक फटीत वरून लेप चोपडला तर तो आत शिरत नाही. पहिल्या हिवाळ्यात पापुद्रा उडतो. खाच खोल असली की भरण लोखंडालाही धरतं आणि दोन्ही बाजूंच्या प्लॅस्टिकलाही. खाचेच्या भिंती ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरबरीत करा. गुळगुळीत भिंतीला काही चिकटत नाही. घासताना तोंडाला मास्क हवा, ही धूळ फुफ्फुसात जायच्या लायकीची नाही.

भरायला काय? डेंटिंग-पेंटिंगवाल्यांची पुटी नको. ती पत्र्यावर पातळ थर द्यायला बनवलेली आहे. जाड भरली की आखडते आणि ठिसूळ पडते, म्हणजे ज्या रोगावर औषध शोधतोय तोच रोग. हवं ते दोन भागांचं, सावकाश घट्ट होणारं इपॉक्सी. अमेरिकेत जुन्या गाड्या करणारे लोक पीसी-सेव्हन नावाच्या घट्ट इपॉक्सीची वर्षानुवर्षं शिफारस करत आलेत. आपल्याकडे दोन ट्यूबांचं साधं अराल्डाइट कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. पाच मिनिटांत घट्ट होणारं नाही, रात्रभर लागणारं घ्या. घाईचं इपॉक्सी ताकदीला कमी असतं. एक मोठा तुकडाच उडाला असेल तर तेवढी जागा हाताने मळायच्या इपॉक्सीच्या गोळ्याने, म्हणजे एम-सीलच्या जातीच्या वस्तूने, भरता येते. अरुंद खाचेत तो गोळा तळापर्यंत दाबला जात नाही आणि आत हवा राहते.

आता माझी दुसरी चूक, आणि यातून मी सगळ्यात जास्त शिकलो. पहिल्या वेळी हे काम मी मे महिन्यात केलं. सुट्टी होती, दुपारचे तीन वाजलेले, शेड तापलेली. भेगा अगदी बारीक दिसत होत्या आणि मला वाटलं, काम हलकं झालं. सगळ्या भरल्या, घासल्या, रंग दिला. जून ते ऑक्टोबर चाक नव्यासारखं होतं. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी पाहिलं तर सातपैकी पाच ठिकाणी भरणाच्या कडेला केसासारखी रेघ.

कारण वरच्या हिशेबातच होतं. मे महिन्याच्या दुपारी प्लॅस्टिक फुगलेलं, म्हणून भेगा मिटलेल्या होत्या. त्या अवस्थेत मी त्या बुजवल्या. थंडीत प्लॅस्टिक आखडलं, भरणाला दोन्हीकडून ओढ बसली आणि चिकट जोड सुटला. उलट केलं तर? थंडीत भेग पूर्ण उघडी असताना भरली, तर उन्हाळ्यात प्लॅस्टिक फुगून भरणाला दाबतं. इपॉक्सी दाब पुष्कळ सोसतं, ओढ कमी सोसतं. एवढाच फरक.

त्यामुळे दुसऱ्यांदा सगळं उकरून जानेवारीत, सकाळी, घरात बसून भरलं. एक अडचण येते: थंडीत इपॉक्सी सावकाश घट्ट होतं. हेअर ड्रायर मारून घाई करू नका. चाक तापेल, भेग मिटेल आणि मसाला बाहेर येईल. एका रात्रीऐवजी तीन दिवस द्या. खाच काठोकाठ नाही, थोडी वर येईपर्यंत भरा, म्हणजे घासायला माया राहते.

बोटांच्या खाचा

घासायचं काम पुढून सोपं आहे. कानस, मग ८०, १८०, ४०० नंबरचा पेपर, शेवटी पाणी लावून ६००. डोळे मिटून अंगठा फिरवावा. डोळ्यांना न दिसणारा उंचवटा अंगठ्याला लगेच लागतो.

मागची बाजू परीक्षा बघते. जुन्या चाकांच्या मागे बोटं बसायला ओळीने खाचा असतात. भेग नेमकी अशा दोन खाचांमधल्या उंचवट्यावर पडली असेल तर तो उंचवटा पुन्हा घडवावा लागतो. मी मुलीच्या खेळातली माती चांगल्या भागावर दाबून छाप घेतला आणि नवीन भाग त्याच्याशी ताडून पाहत राहिलो. खाच कोरायला पेन्सिलीला पेपर गुंडाळला. पेन्सिल बारीक पडली, खडू जाड झाला, शेवटी स्केच पेनाची जाडी बरोबर बसली. चार खाचांना एक अख्खा रविवार गेला. ही बाजू कुणालाच दिसत नाही. पण गाडी चालवणाऱ्याची बोटं दिवसभर तिथेच असतात.

रंगाचा नमुना घेताना चाकाच्या वरच्या भागाकडे पाहू नका, तो उन्हाने पिवळा पडलेला असतो. हॉर्नच्या बटणाखाली, जिथे कधी ऊन पोचलं नाही, तिथे कारखान्यातला खरा रंग मिळतो. आमचं चाक मला नेहमी दुधाळ पिवळं वाटायचं. बटणाखाली ते जवळजवळ राखाडी छटेचं पांढरं निघालं. रंगाच्या दुकानात त्या भागाशी ताडूनच रंग बनवून घेतला. चाक मुळात अर्धपारदर्शक किंवा मोतिया लहरींचं असेल, तर मात्र भरलेली जागा लपत नाही. तिथे एकतर ठिगळ मान्य करायचं किंवा पूर्ण रंगवून ती लहर घालवायची. मी ठिगळ पत्करेन.

आधी प्लॅस्टिकला धरणारा प्रायमर, मग रंग, दोन्ही पातळ हातांनी. जाड हात मारला तर थिनरचा अंश आत मुरतो आणि पुन्हा तो पाक. तुंब्यातून तार ओवून चाक टांगायचं, म्हणजे चारी बाजूंनी फवारा मारता येतो. हार्डनर घालायचा, म्हणजे दोन भाग मिसळून वापरायचा, टू-के रंग टिकाऊ असतो, हात, घाम, अंगठी सगळं झेलतो. पण त्याच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटने कायमचा दमा जडू शकतो, आणि कापडी मास्कने ते अडत नाही. हा भाग मी मोटारसायकलींच्या टाक्या रंगवणाऱ्या एका कारागिराकडून करून घेतला. गोल वस्तूवर रंग ओघळू न देण्याचा हात त्यांच्याकडे असतो, पत्रा रंगवणाऱ्यांकडे असेलच असं नाही. रंग हाताला सुका लागला तरी आतून पक्का व्हायला पंधरा दिवस जातात. तोवर चाक खुंटीला.

बदलायचंच झालं तर

लोखंड गेलेलं असेल तर दुसरं चाक शोधण्यावाचून गत्यंतर नाही. मुंबईत कुर्ल्याच्या भंगार बाजारात किंवा चोर बाजारात, पुण्यात बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात फियाटची चाकं अजून दिसतात. पण तीही तेवढ्याच वर्षांची, तीच ऊन-थंडी खाल्लेली असतात. वरून चकचकीत काळा रंग मारलेलं चाक सगळ्यात संशयास्पद. नखाने आऱ्याजवळ खरवडून बघा, पिळून बघा, आणि आपल्या दांड्याचे दाते मोजून मगच घ्या. एकसारखी दिसणारी दोन चाकं दात्यांत वेगळी निघू शकतात. जबरदस्तीने ठोकून बसवलेलं चाक एक दिवस हातात फिरतं, आणि गाडी सरळ जात राहते.

परदेशात आणखी एक वाट आहे: आपलं चाक पाठवायचं, ते जुनं आवरण पूर्ण सोलून त्याच सांगाड्यावर साच्यात नवं ओतून देतात. उत्तम काम होतं, पण त्यातही सांगाडा धड लागतोच.

नवं, लहान, ‘स्पोर्टी’ चाक बसवायचा मोह अनेकांना होतो. या गाड्यांना पॉवर स्टेअरिंग नाही. चाक मोठं असतं ते शोभेसाठी नव्हे, तरफ म्हणून. १६ इंचाच्या जागी १४ इंचाचं बसवलंत, तर त्याच वळणाला हाताचा जोर साधारण १४ टक्के जास्त लागतो. चालत्या गाडीत जाणवत नाही. तुळशीबागेजवळ उभ्या गाडीला पार्किंगमध्ये घालताना खांदे सांगतात. गिअर स्टेअरिंगच्या दांड्यावर असलेल्या गाडीत लहान चाकामागे दांडी विचित्र बाहेर डोकावते, तेही वेगळंच.

कागदपत्रांचंही थोडं पाहून घ्या. २०२१ मध्ये केंद्र सरकारने केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं होऊन गेलेली आणि मूळ रूपात जपलेली गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते, तिच्या नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. त्यातला भर चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नसण्यावर आहे. स्टेअरिंगच्या चाकामुळे नोंदणी अडेल असं मी म्हणणार नाही. पण विंटेज गाडीच्या खिडकीतून आत डोकावणारा माणूस पहिल्यांदा बघतो ते चाकच. म्हणून बदललंत तरी जुनं चाक भंगारात देऊ नका, माळ्यावर ठेवा.

लाकडी आणि फोमच्या चाकांबद्दल थोडक्यात. इटलीत एन्रिको नार्दी यांनी १९५० च्या दशकात प्रसिद्ध केलेल्या लाकडी चाकांत लाकूड भेगाळतं त्यापेक्षा त्याचे सांधे सुटतात. तिथे भरण नको. फटीत पातळ इपॉक्सी सोडून, सायकलची जुनी ट्यूब करकचून गुंडाळून ठेवायची आणि मग व्हार्निश. फोमच्या चाकात इपॉक्सी घातलं तर मऊ गादीत दगड ठेवल्यासारखं होतं. त्यावर चामडं शिवून घेणं हाच मार्ग, आणि चप्पल शिवणारा चांगला कारागीर ते मोटारवाल्यापेक्षा सरस करतो.

ऊन मात्र सगळ्यांचाच शत्रू. जुने टॅक्सीवाले दुपारी गाडी उभी करताना स्टेअरिंगवर पंचा टाकायचे. हात भाजू नयेत म्हणून, पण चाकाचंही आयुष्य वाढायचं. मीही तेच करतो.

फेब्रुवारीत चाक परत बसवलं. पंचाचे दोन ठिपके समोरासमोर आणले, नट आवळला, बॅटरी जोडली. हॉर्न वाजेना. फोटो उघडून पाहिला तर स्प्रिंगखालचा छोटा वायसर डबीतच राहिला होता. आता त्यालाही दोन वर्षं झाली. गेल्या जानेवारीत डाव्या आऱ्याजवळ केसाएवढी एक रेघ दिसली होती. एप्रिलमध्ये ती मिटली. यंदा थंडी पडली की पुन्हा टॉर्च घेऊन बघायचंय.